अम्माने शिवलेला किमोनो

अम्मा, काल इथे अबुधाबीत, रीम आयलंडवरच्या घरात नात जपानी कार्टून बघत होती. त्यातल्या मुलीचा झगा बघून मी म्हटलं, हा किमोनो नव्हे गं, युकाता आहे. "नानी, हाउ डू यू नो?" मला कसं ठाऊक, ते तिला काय सांगू? सगळं तुझ्यामुळे.

साठचं दशक संपत आलं होतं. अबुधाबीत तेलाच्या कामावर जपानी इंजिनिअर येऊ लागले होते आणि त्यांच्यातल्या एकाची बायको तू शिवतेस हे ऐकून आपल्या दारात आली. मुंबईत राहून आल्यामुळे तिला मोडकंतोडकं हिंदी यायचं. तिच्याकडे वारलेल्या आईचा रेशमी किमोनो होता. त्याचं अस्तर इथल्या दमट हवेत कुजलं होतं, पण तो कुणाच्या हातात द्यायला तिचं मन धजत नव्हतं. म्हणून आधी तुझी परीक्षा, एक युकाता शिवून दाखव. युकाता सुती, बिनअस्तराचा, उन्हाळ्यात आंघोळ झाली की अंगावर घ्यायचा. रेशमी किमोनो अस्तराचा आणि मानाच्या प्रसंगाचा. त्यातही बिनलग्नाच्या मुलीच्या बाह्या पार खाली लोंबणाऱ्या, लग्न झालं की आखूड. "म्हणजे हे घरातलं लुगडं, आणि तो शालू," असं म्हणून तू सुई ओवलीस.

मी तो युकाता घालून उभी आहे. तू बिस्मिल्ला म्हणून उजवी बाजू वर घेतेस, कारण आपल्यात चांगलं काम उजवीकडून. बाई एकदम ओरडते, "नहीं, नहीं! ऐसा मुर्दा को!" जिवंत माणसाची डावी बाजू वर असते, हे आपल्याला कुठे ठाऊक? मला वाटलं, गेलं काम हातचं! तू मात्र शांतपणे म्हणालीस, "हमारे में भी मय्यत का दायां ऊपर रहता है, बाई. तुम्हारी मां को तुमने पहनाया क्या?"

"नहीं. मैं इधर था," ती म्हणाली आणि खाली बसून रडू लागली. तू तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिलीस. मग माझ्याकडे वळलीस, "यल्ला, उठ गो मयता, परत घाल!" मी मयतातून उठल्यासारखी घाईघाईने डावी बाजू वर घेतेय ते बघून बाई रडता रडता हसली. दुसऱ्या दिवशी तिने तो रेशमी किमोनो स्वतः आणून तुझ्या मांडीवर ठेवला. अम्मा, त्या दिवशी मला तुझा इतका अभिमान वाटला की तो अजून उतरलेला नाही.

तेव्हापासून मी सगळ्यांना सांगत आलेय, माझी अम्मा किमोनो शिवायची. खरं तर तो एकच होता, आणि त्याचंही तू फक्त अस्तर बदललंस. हे तुझ्यापाशी कबूल करते, बाकी कुणापाशी नाही. नातीलाही आज हेच सांगणार आहे, नानीची अम्मा किमोनो शिवायची.