पेला चुकवणारी दाढ

नाही हो वन्सं, काढली नाही! दाढ आहे तिथंच आहे, आणि तुम्ही आलात की तुमच्यासमोर तिनं अक्रोड फोडून दाखवीन. तुमचे गुडघे कसे आहेत? कोंबड्या अंडी देतात, की त्याही तुमच्यासारख्या नुसत्या कुरकुरतात? (रागावू नका, विधवेला एवढीच करमणूक.)

मयताच्या जेवणात आलुबुखाराच्या दारूचा एकच पेला सगळ्यांच्या ओठांवरून फिरतो, आणि सवेता दाढ दुखते म्हणून तो पुढं सरकवते, हे गावाला पाठ आहे. नऊ वर्षं मी हेच सांगत आले आणि देवानं शेवटी ती खरीच दुखायला लावली! गेले शहरात, तुल्चाला, दातांच्या दवाखान्यात.

तिथं शेजारच्या खुर्चीत एक बाई. तिला एचआयव्ही. (मला कसं कळलं? दार उघडं, माझी मान लांब.) आधीच्या दोन दातवाल्यांनी तिला परत पाठवलेलं. आजार सांगितल्याबरोबर एकाचं यंत्र बिघडलं, दुसऱ्याचा हात लचकला! ही तिसरी, डॉक्टर रुक्सांद्रा, वेलीच्या काठीएवढी पोर. बाईनं हिलाही सांगून टाकलं.

"गोळ्या रोज घेता ना?"

"सकाळी आठला, न चुकता."

"मग आ करा मावशी. आजाराचं काही नाही, तुमची बडबडच मला आडवी येतेय."

वन्सं, मग डॉक्टरणीनं दाढेच्या आतला फोटो दाखवला. उभा जन्म मी द्राक्षाच्या वेली लावल्या, उपटल्या, पण असं मूळ पाहिलं नाही! एका दाढेला तीन मुळं, प्रत्येकात केसाएवढी वाट, आणि एका टोकाशी मसुराएवढा काळा डाग. तिथलं हाड पुवानं पोखरलेलं. पोरीनं बारीक सुयांनी त्या वाटा झाडल्या, बुजवल्या. सहा महिन्यांनी पुन्हा फोटो काढला, तर डाग नाही! आत अंधारात, कुणी बघत नसताना, हाड भरून आलेलं.

"या आजारातही भरतं?" बाईनं विचारलं.

"गोळ्या चालू ठेवल्यात ना, मग इतरांसारखंच भरतं. आणि उष्ट्या पेल्यानं हा कुणाला होत नाही."



तुमची,
सवेता

ता.क. आमच्या सांदूला जाऊन सात वर्षं होतील, त्याच्या जेवणाला आदल्या दिवशीच या. मयताच्या नावानं वाटायचा गोड गहू शिजवायला मी एकटी पुरणार नाही.

आणखी ता.क. यंदा पेला मी घेणार आहे. तुम्ही माझ्या डावीकडे बसता, म्हणजे माझ्यानंतर तुमचेच ओठ. प्याल की नाही, आधी कळवा. शेजारी खुर्ची नव्हतीच वन्सं. ती बाई मीच. आणि मला हा आजार तुमच्या भावानं दिला.