नेलपॉलिशचा ठिपका

प्रिय संघर्ष,

अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. चारचौघांत तू चष्मा लावत नाहीस.

विनायकराव वकिलांच्या अँबेसेडरचा तू टाकलेला व्हिडिओ पाहिला. इंजिन थिनरनं घासून लखलखीत केलंस. रविवारची जुन्या गाड्यांची रॅली नीट पार पडली, तर वकीलसाहेबांच्या बाकीच्या तिन्ही गाड्याही तुझ्याच गॅरेजला येणार, हे पुरानी बस्तीत सगळ्यांना माहीत आहे. व्हिडिओ मी चारदा लावला, तुझ्यासाठी नाही, आवाजासाठी.

आठवतं, याच गाडीचं इंजिन आपण आमच्या अंगणात बांधलं होतं? बाबा रेल्वेच्या वॅगन शॉपमधून थकून यायचे आणि स्टूल टाकून बसायचे. तू अ‍ॅक्सिलरेटरवर, मी ठिणगीची वेळ जुळवायला डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवत, कान इंजिनाकडे. मग उभ्या गाडीत इंजिन किती वेगानं फिरेल ते ठरवणारा कार्बोरेटरचा आयडल स्क्रू. एअर क्लीनरवर ठेवलेल्या पेल्यातलं पाणी हलेनासं झालं की बाबा मान डोलवून फक्त "हव" म्हणायचे. तेव्हा आपलं लग्न ठरल्यात जमा होतं.

बाबा गेले आणि महिन्याभरात तू वकीलसाहेबांना म्हणालास, "साहेब, पोट्टीच्या कानावर इंजिन नाही चालत. आता मी मशीननं टायमिंग करून राहिलो." मी तिथेच चहाचा ट्रे घेऊन उभी होते. साहेब हसले, तूही दात काढलेस. दुसऱ्या दिवशी गाडी गेली, मागोमाग तूही. लोक म्हणतात, विसर. मी विसरले नाही, आणि मला विसरायचंही नाही.

आता कामाचं. इंजिनाच्या पुढची मूळ पुली तडकली होती, म्हणून बाबांनी अभनपूरच्या भंगारातून दुसऱ्या इंजिनाची पुली आणून बसवली. तिच्यावरची टायमिंगची खाच या इंजिनाला लागू नाही, बोटभर चुकते. बाबांनी पहिल्या सिलिंडरचा पिस्टन अगदी वर आणून खरी जागा शोधली आणि माझ्या लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. हे त्यांनी आपल्या दोघांना सांगितलं होतं. तू मोबाइलमध्ये होतास. नंतर मलाच चिडवलंस, गाडीलाही नटवतेस का म्हणून. व्हिडिओत तो ठिपका नाही. तू घासून काढलास, आणि टायमिंग लाइट खाचेवर धरलास. ठिणगी उशिरा पडतेय. इंजिन मंद वाटलं असणार, म्हणून तू आयडल चढवलंस. चूक झाकायची तुझी जुनी सवय. उभ्या गाडीत चूक झाकली जाते. मिरवणुकीच्या चालीनं, उन्हात, नाही; इंजिन तापून उकळतं.

फोन करून सांगता आलं असतं. नाही केला. हे पत्र मी पोस्टातही टाकणार नाही, द्यायचं तर हातातच. रविवारी रॅलीच्या वाटेवर, तेलीबांधा तलावाजवळ मी पाण्याची कॅन घेऊन उभी असेन. गाडी न थांबता पुढे गेली, तर पत्र फाडीन आणि माझा कान खोटा मानीन. तू हे वाचतो आहेस, म्हणजे बॉनेट उघडं आहे, वाफ निघतेय आणि वकीलसाहेब शेजारी उभे आहेत. रेडिएटरचं झाकण लगेच उघडू नकोस, भाजशील. पर्समध्ये स्क्रू ड्रायव्हर, पाना आणि तीच नेलपॉलिशची शिशी आहे. इंजिन निवलं की दहा मिनिटांचं काम. फक्त साहेबांना ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हण, "रीना, टायमिंग तू कर." तोवर मी कॅनचं झाकणसुद्धा उघडणार नाही.

तुझीच (हात सवयीनं लिहून गेला, मनावर घेऊ नकोस),
रीना