कापडी हत्तींसाठी एका बुधवारची जागा

प्रति,
मा. परवाना अधिकारी,
हस्तकला बाजार विभाग, नगरपालिका.

विषय : येत्या बुधवारी एका दिवसापुरती दोन हात जागा मिळण्याबाबत.
संदर्भ : माझा नामंजूर अर्ज व त्यावरील प्रलंबित फेरअर्ज.

महोदय,

१. माझी पत्नी कापडी हत्ती शिवते. ते विकण्यासाठी गाळा मिळावा म्हणून चौदा महिन्यांपूर्वी मी तिच्या वतीने अर्ज केला होता. त्यात 'कारागिरीचा दर्जा' या रकान्यात मी 'बरा असावा' असे लिहिले आणि त्याच कारणावरून अर्ज नामंजूर झाला. चूक माझीच आहे. आयुष्यभर मुद्रितशोधन केल्यामुळे खात्री नसलेले विधान माझ्या हातून लिहिले जात नाही. तिचा हात उत्तमच आहे. नम्रता दाखवायचीच होती, तर ती मी स्वतःच्या कामाबाबत दाखवायला हवी होती. फेरअर्जाची चौकशी केली की आपले लिपिक म्हणतात, "काका, हत्ती गेला, शेपूट राहिलंय. पुढच्या आठवड्यात या."

२. नामंजुरीचे पत्र घेऊन घरी गेलो तेव्हा ती दारातच उभी होती. तिची दृष्टी तेव्हा अधू होऊ लागली होती. "मिळाला का हो गाळा?" तिने विचारले. मी "मिळाला" म्हणालो. असे का म्हणालो, हे मला अद्याप नीट सांगता येत नाही.

३. तेव्हापासून मी रोज दहा वाजता हत्तींची पिशवी घेऊन निघतो, पाचपर्यंत सार्वजनिक वाचनालयात बसतो आणि घरी जाऊन "आज दोन गेले" असे सांगतो. न विकलेले हत्ती ठेवायला जागा नाही. म्हणून वाचनालयाच्या मागच्या जिन्यावर बसून मी ते उसवतो आणि तेच कापड, तोच कापूस नवा म्हणून तिला नेऊन देतो. दर खेपेस शिवणीत थोडे कापड जाते. त्यामुळे हत्ती लहान होत चालले आहेत.

४. आता तिला काहीच दिसत नाही. ती बोटांनी चाचपून शिवते. काल एक तुकडा बराच वेळ चाचपून ती म्हणाली, "अहो, ही भोकं माझ्याच सुईची आहेत." दुकानदाराने जुने कापड गळ्यात मारले असेल, असे मी म्हणालो. ती जेवताना म्हणाली, "बुधवारी मी येते तुमच्याबरोबर. गिऱ्हाईक कसं बोलतं, ते एकदा ऐकायचंय." तिला सारे कळले आहे की नाही, याचा निर्णय मला करता येत नाही.

५. तरी बुधवारी दहा ते पाच बाजारात कोठेही, अगदी जिन्याखालीही, बसू द्यावे. शक्य असल्यास आपल्या एखाद्या कर्मचाऱ्याने येऊन थोडी घासाघीस करावी. सांगितलेली किंमत मुकाट्याने देणाऱ्यावर तिचा विश्वास बसणार नाही.

६. नकार द्यायचा झाल्यास तो कृपया घरच्या पत्त्यावर पाठवू नये. टपाल तिला शेजारीण वाचून दाखवते. मी वाचनालयात, खिडकीजवळच्या टेबलाशी असतो.

आपला वेळ घेतल्याबद्दल क्षमस्व,
(सही)
निवृत्त मुद्रितशोधक
शुक्रवार, दि. ९

सोबत :
(१) नामंजुरीच्या पत्राची प्रत.
(२) कापडी हत्ती, एक नग. मुठीत मावतो. याच कापडाचा हा सहावा हत्ती. पहिला दोन वितींचा होता. कारागिरीचा दर्जा : उत्तम.