इसोकिचीदादांचा शिक्का

ओसाका, ४ एप्रिल

कामियागी गावच्या खालच्या आळीतील दहाही घरांस,
स. न. वि. वि.

एका आळीत वाढलेली आपण माणसं, आणि घर एकट्या माझ्या आईचं फुटलेलं नाही, आपल्या सगळ्यांचं फुटलं आहे. २८ मार्चला आपण तिला निरोप द्यायला गेलो, तेव्हा तिच्या घरात चोर शिरला. बाबांचं घड्याळ गेलं, तिची अंगठी गेली. त्याचं मला काही नाही. पण तो पायातले बूट न काढता तिच्या चटयांवरून चालला. ती जिथे निजायची तिथला चिखल मी स्वतः पुसला.

अंत्यविधीला सारी आळी जाते, म्हणून एकाने मागे बसून घर राखायचं, ही आपली रीत. त्या दिवशी इसोकिची बसले होते. अर्धा तास बाहेर गेलो होतो, असं त्यांनी पोलिसांना सांगितलं. कुठे, ते सांगितलं नाही. ज्याला अर्धा तास एका जागी बसवत नाही, त्याच्या भरवशावर आपण घरं सोडायची? भोळेपणाचे दिवस संपले. महिन्याच्या आत प्रत्येकाने दाराला कुलूप बसवावं आणि यापुढे इसोकिचींवर कुणाचंही घर सोपवू नये.

किनुएताई हे पत्र आळीच्या फिरत्या फाईलला लावील. वाचल्याची खूण म्हणून नेहमीसारखा नावासमोर घरचा शिक्का मारावा आणि पुढच्या घरी द्यावं. आजवर धरलात तसाच लोभ धरावा.

आपला,
तेत्सुरो

कामियागी, २० जुलै

चि. तेत्सुरोस,
अनेक आशीर्वाद.

तुझा गुडघा कसा आहे? जिने चढू नकोस म्हटलं तर मलाच भाषण देशील, म्हणून म्हणत नाही.

सगळ्यांनी कुलपं बसवली. हातानाकाबाई किल्ली हरवून दोनदा स्वतःच्याच न्हाणीच्या खिडकीतून आत गेल्या. दुसऱ्या वेळी अडकल्या, आणि मला म्हणाल्या की तेत्सुरोला कळव, चोर पकडलाय, येऊन घेऊन जा म्हणावं. पूर्वी कुणीही हाक मारत आत यायचं आणि ओट्यावर काकड्या ठेवून जायचं. आता पिशवी दाराच्या मुठीला लटकते. मी कुलूप काढेपर्यंत आणणारा गेलेला असतो.

चोर सापडला. पोलीस सांगून गेले. त्याच्या वहीत वर्तमानपत्रातल्या निधनाच्या जाहिराती चिकटवलेल्या होत्या, पत्ता आणि विधीची वेळ यांखाली रेघ मारून. आपल्या आईचीही होती. इतकी मोठी नको, असं मी म्हटलं होतं. तू म्हणालास की जन्मभर जिचं नाव कुठे छापलं नाही, तिचं एकदा तरी ठळक अक्षरांत येऊ दे. मी दोष देत नाही. चांगल्या मनानं दिलीस.

इसोकिचीदादाही चांगल्या मनानंच उठले होते. हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं. शववाहिनीत मी आईजवळ होते. पुलावर दादा उभे दिसले, टोपी हातात, कमरेतून वाकलेले. गाडी वळेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. वहिनी गेल्यापासून अकरा वर्षं आई रोज त्यांच्याकडे वाटीभर कालवण पाठवायची, आणि घर राखणाऱ्याला मात्र निरोप देता येत नाही. त्यांना पाहून मला बरं वाटलं. मग चोरी उघडकीला आली आणि मी जीभ आवरली. राखण सोडून ते उठले होते हे माझ्या तोंडून कशाला जावं, असं वाटलं. त्यांनीही सांगितलं नाही. मेलेल्या बाईची सबब पुढे केल्यासारखं होईल, म्हणून असणार.

तुझं पत्र त्यांच्या घरीही गेलं. त्यांनी वाचलं, शिक्का मारला, सरळ, जराही न पुसटलेला, आणि स्वतः चालत हातानाकाबाईंकडे नेऊन दिलं. उशीर झाला, माफ करा, इतकंच म्हणाले. त्यांच्या शिक्क्याच्या वर माझा शिक्का होता, तेत्सुरो. मे महिन्यात मुलगी येऊन त्यांना सेंदाईला घेऊन गेली.

रागावलास तरी पत्र टाकत जा.

तुझी,
किनुएताई

ओसाका, ५ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सेंदाईला जाऊन आलो. बारावा मजला, दार मागे आपोआप बंद होतं. दादा त्या दाराच्या आत स्टुलावर बसलेले. मुलगी सांगत होती, ती कामावर गेली की ते बाहेर पाऊल टाकत नाहीत. खाली बाग आहे, तिथेही नाही. घराला कुणीतरी हवं, म्हणतात. मे महिन्यापासून हेच चाललंय.

मी गुडघे टेकले, कपाळ जमिनीला लावलं. त्यांनी मला उठवलं, चहा दिला आणि म्हणाले की तू लिहिलंस ते बरोबरच होतं. ताई, रेल्वेच्या युनियनसाठी चाळीस वर्षं भाषणं केली. इतकं पुरतं कुणालाच पटवलं नव्हतं.

सोबतचं पत्र फाईलला लाव. माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा,
तेत्सुरो

ओसाका, ५ ऑगस्ट

खालच्या आळीतील नऊ घरांस,
स. न. वि. वि.

आपण दहा होतो. दहावं घर मी रिकामं केलं.

चोराला आईच्या दाराशी माझ्या जाहिरातीने आणलं. इसोकिचीदादा तो अर्धा तास पुलावर होते, माझ्या आईपुढे वाकून. हे मला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसताना मी एका माणसाचं नाव दहा घरांत फिरवलं. तुम्ही त्यांना साठ वर्षं ओळखता. तरी तुमच्यापैकी कुणी मला उलट लिहिलं नाही. सगळे शिक्के मुकाट्याने पडले. मी लांब बसून तो होकार समजलो.

ऑक्टोबरात त्यांची मुलगी आळीतलं घर पाडायला देणार आहे. ते म्हणतात, पाडू दे, आळीला आता माझी गरज नाही. हे त्यांना खरं वाटतं, कारण आपण तसं लेखी दिलं आहे.

म्हणून हा कागद लगेच पुढे देऊ नका. आधी बसा आणि त्यांना एक पोस्टकार्ड लिहा. माफी मागू नका, ती माझ्या वाट्याची आहे. इसोकिचीदादा, घरी या, एवढंच स्वतःच्या हाताने लिहा. पत्ता कागदाच्या मागे लिहिला आहे. आजच लिहा.

तेत्सुरो