ह्यांचा उजवा हात

आगरदांडा

प्रिय गोदू,

फोन सोडून पत्र कशाला, असं वाटेल तुला. ह्यांची खाट माजघरातच असते, फोनवर बोललेलं सगळं त्यांना ऐकू जातं. अर्धांगाच्या झटक्यानं वाचा गेली, कान शाबूत आहेत. रावजी फेरीबोटीनं दिघीला यायला निघालाय, त्याच्या हाती हे देतेय.

पायावर आता थोडा भार घेतात. उजवा हात मात्र तसाच लोंबतो. व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, त्यांचा त्यांना हलत नाही तोवर तुम्ही हलवा, नाहीतर सांधे आखडतील. एका हातानं कोपर धरायचं, दुसऱ्यानं मनगट, आणि हळूहळू वर न्यायचं. दुखलं की थांबायचं. ओढायचं अजिबात नाही. मूठ घट्ट मिटलेली असते, ती जोर लावून उघडत नाही. मनगट आधी तळव्याच्या बाजूला वाकवलं की बोटं सैल पडतात. मासळी विकून आले की मी हेच करत बसते. लग्नाला इतकी वर्षं झाली, चारचौघांत ह्यांनी कधी माझा हात धरला नव्हता. आता शेजारीण दारात असली तरी डाव्या हातानं उजवा उचलून स्वतःहून पुढे करतात.

हितेशनंही करून पाहिलं. बोटीवर जायच्या घाईत त्यानं हात वर ओढला, जाळं खेचावं तसा. हे कळवळून ओरडले. पोरगा मागच्या दारी जाऊन रडला. तेव्हापासून तो जवळ आला की हे डाव्या हातानं उजवा पोटाशी धरून ठेवतात, आणि तोही लांबच उभा राहतो. आपल्याच बापाला घाबरतो, गोदू.

परवा ह्यांची बोटं सोडवताना माझ्या काखेतून कळ गेली. मी ओठ दाबले, तरी ह्यांनी पाहिलं.

"तुला... दुकतं?"

आजारपणानंतर पहिल्यांदाच एवढं स्पष्ट बोलले, आणि मी खोटं सांगितलं, "न्हाय ओ, दमले."

दुखतंय, गोदू. छातीत उजवीकडे गाठ आहे. तपासणीत वाईटच निघाली. सोमवारी मुंबईला ऑपरेशन ठरलंय, काखेतल्या गाठीही काढणार आहेत. त्यानंतर बरेच दिवस माझाच हात मला वर नेता येणार नाही, ह्यांचा कुठून उचलू? हितेशला ठाऊक आहे, तो माझ्यासोबत येईल. ह्यांना अजून सांगितलेलं नाही. तू समोर असलीस तर सांगायला धीर येईल. शनिवारी ये आणि माझ्याजवळ बसून सगळं शिकून घे. तुझे भावजी मेव्हणीला लाजतील, हात मागे घेतील. तू रागावू नकोस, उठूनही जाऊ नकोस. थोड्या वेळानं देतील. आणि मला परतायला उशीर झाला, हितेश आधी आला, तर त्याला शेजारी बसवून त्याचे हात त्यांच्या हाताखाली ठेव. मला ते जमलं नाही.

तुझीच,
ताई