पाण्याकडे पळायचं नाही

६ नोव्हेंबर
पाच मिनिटांची फिल्म वीस तारखेपर्यंत पाठवायची. निवड झाली तर पुण्याला वर्षभराचा कोर्स, फुकट. नाही झाली तर अलिबागला मामाच्या मोबाइलच्या दुकानात स्क्रीनगार्ड चिकटवत बसायचं. बाबांनी मामाला तसं सांगूनही टाकलंय!

विषय ठरला. रेवदंड्याच्या खाडीतून राक्षस येतो.

८ नोव्हेंबर
राक्षस बनवणं माझ्याच्याने होणार नाही. म्हणून दाखवायचाच नाही. मोठ्या पिक्चरमध्ये कॅमेरा आभाळात, राक्षस नखापासून शिंगापर्यंत दिसतो आणि आपण आरामात पॉपकॉर्न खातो. माझा कॅमेरा म्हणजे मोबाइल, तोही पळणाऱ्या मुलीच्या हातात. वाळू, चपला, कोणाची तरी पाठ. जे काय येतंय ते मागे आहे, वळून बघायला वेळ नाही — बस!

शुभम लग्नांचे व्हिडिओ काढतो, त्याला सांगितलं. म्हणाला, "एवढा हलवू नको, लोकांना चक्कर येईल." येऊ दे.

११ नोव्हेंबर
शूटिंगचा पहिला दिवस. छातीभर पाण्यात धर्माजीकाका — बाबांचे चुलतभाऊ, पासष्टीचे, आवाज बंदरभर. त्यांनी "वाचवा!" ओरडायचं. किनाऱ्यावरच्या वीस जणांनी नारळाच्या वाडीकडे पळत सुटायचं.

वीसच्या वीस पाण्याकडे पळाले.

सगळ्यांच्या पुढे वेणूबाई. मासळीची पाटी वाळूत टाकून कमरेपर्यंत आत! म्हटलं, अहो, तिथे राक्षस आहे. म्हणाल्या, "आसंल. पन मानूस वरडतंय ना?"

१२ नोव्हेंबर
पुन्हा तेच. चार वेळा.

१३ नोव्हेंबर
सगळ्यांना बसवून समजावलं. होडीवाले चंदरनाखवा म्हणाले, "पान्यातून हाक आली का पाय आपसूक जातान, बाय. त्याला काय करायचं?"

खरं आहे. इथे पोरांनी पाण्यात खोटं ओरडलं तर थोबाडीत बसते. मलाही बसलीय, आईची, सात वर्षांची असताना. पण सगळे हेच कवटाळून बसले तर फिल्म व्हायची कशी?

१५ नोव्हेंबर
युक्ती काढली. वाडीपर्यंत पोचेल त्याला वडापाव, पाण्याकडे जाईल त्याला काही नाही. सहाव्या तालमीला एकही पाय चुकला नाही. मी वेणूबाईंना मिठीच मारली! त्यांनी वडापाव न खाता पाटीत ठेवला.

१७ नोव्हेंबर
आज खरं शूटिंग. काय पळाले सगळे! मागे वळून न बघता. आणि काका असे ओरडले की माझ्या अंगावर काटा आला. नुसतं "वाचवा" नाही — "वेणू! चंदर! अरे या रं!" हे मी लिहून दिलं नव्हतं. वाटलं, म्हातारा रंगात आला. मी पळता पळता ओरडले, "मस्त, काका! अजून!"

चिखलात जुनं जाळं होतं. काकांचा पाय त्यात अडकलेला आणि भरती चढत होती.

गावातल्या विनेशची होडी खाडीपलीकडच्या कोर्लईहून येत होती. त्याला फिल्मचं काही माहीत नव्हतं, म्हणून त्याने उडी मारली. बाकी सगळे वाडीत उभे होते.

१८ नोव्हेंबर
अलिबागच्या दवाखान्यात. काकांच्या छातीत पाणी गेलंय, ऑक्सिजन लावलाय. वाचतील म्हणतात.

वेणूबाई बाहेर बाकावर बसल्या होत्या. म्हणाल्या, "आयकलं मी, बाय. माजं नाव घेतलं त्यानं. तरी मी वाडीतच गेले."

मला कोणी एक शब्द बोललं नाही. लाजेने मेल्यासारखं झालं. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

१९ नोव्हेंबर
क्लिप बघितली. मग पुन्हा बघितली. नऊ वेळा झाली. इतकं चांगलं मला पुन्हा कधी जमणार नाही, हे मला कळतंय. कळायला नको होतं.

बाबा म्हणाले, "ते पुसून टाक." हो म्हटलं.

२० नोव्हेंबर
दुपारी पाठवली. माझं "मस्त" तेवढं कापलं.