पाण्याच्या रंगातला कोट

ता. ११ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझा बांबू सुखरूप पोचला. गाडीतून उतरताना दाराला डोकं आपटून घेतलं, तेवढं सोडलं तर धडधाकट आहे. काय खायला घालतेस त्याला? आमच्या स्वयंपाकघरातलं सगळ्यात वरचं फडताळ तो स्टुलाशिवाय उघडतो, त्यामुळे तुझी भावजय भाच्यावर बेहद्द खूश आहे. मला मात्र ‘धाकटे मामा, हे भिंग कशाला, ते बटण कशाला’ करून भंडावून सोडलंय.

स्टुडिओ जोरात आहे. लढाई सुरू झाल्यापासून भरती होणाऱ्या पोरांची रीघ लागलीय. सरकार कोट देईल तेव्हा देईल, पोरांना निघण्याआधी घरच्यांसाठी एक फोटो हवा असतो, आणि कोट आपल्याकडे आहे. आपल्या दादाचा. मागल्या लढाईवरून आला त्या दिवशी त्यानं तो अंगावेगळा केला, बाबांनी उचलून स्टुडिओतल्या खिळ्याला टांगला, आणि आज त्या कोटावर घर चाललंय बघ. जाड्या पोराला बटणं उघडी ठेवून उभा करतो, बारक्याला मागून चिमटे लावतो. फोटोत पाठ दिसते कुणाला? काढलेले फोटो भिंतीच्या मापाचे करून न्यायलाही बरेच लोक येतात हल्ली. वाईट वाटतं, पण तेही काम कुणीतरी करायलाच हवं.

दादा आहे तसाच आहे. गिरणीत भोंगा वाजला की पळत सुटायचा, म्हणून ती नोकरी गेली. इथं काउंटरवर बसवला तर फ्लॅश उडाला की टेबलाखाली, आणि गिऱ्हाइकं खो खो हसायची. शेवटी डार्करूममध्ये रमला. आत मात्र त्याचा हात धरणारा कुणी नाही. फोटोतल्या गालावरचे व्रण ब्रशनं असे उडवतो की आईनंही लेक ओळखू नये. बोलायचं नाव नाही. आपण चहा आत सरकवायचा, काही वेळानं रिकामा कप बाहेर येतो. बांबूशी तेवढा बोलतो. दोघं लाल दिव्याखाली काय कुजबुजतात, देव जाणे.

बांबूला त्या कोटात फोटो हवाय. काढू का? तुला न विचारता काढला तर माझी हजेरी घेशील.

तुझ्या बोलण्यांना सोकावलेला,
धाकटा

ता. १९ मार्च

चि. धाकट्यास,
अ. आ. वि. वि.

विचारतोस काय, काढ की! आणि चांगला पूर्ण उंचीचा काढ. पाय कापायची बाबांची खोड तुझ्यातही उतरली आहे. कोटाच्या बाह्या त्याला आखूड होणार, तेव्हा हात मागे घ्यायला सांग. दुसरं बटण जरा तिरकं आहे, ते सरळ धरायला सांग. दादा निघाला त्या सकाळी ते मीच लावलं होतं, नवशिकी होते आणि घाईत होते. आता लोकांचे कपडे शिवून पोट भरते, पण ते बटण आठवलं की अजून लाज वाटते.

बांबू भरती व्हायचं म्हणतो. त्याचे वडील पेपरात तोंड घालून बसतात, म्हणजे सगळं माझ्यावर आलं. आधी नाहीच म्हटलं. पण शेजारणीची दोन्ही पोरं गेली, आणि आता ती जिना कशी उतरते ते तू बघायला हवंस. खरं सांगते, मलाही तसं उतरावंसं वाटतं. भीती वाटत नाही असं नाही. पण पोराला धरून तरी किती ठेवायचं?

दादानं त्याच्या डोक्यात काही भरवू नये म्हणजे झालं. लोकांचे भाऊ लढून आले, दुकानं थाटली, संसार केले. आपलाच असा निघाला. निघताना बाबांनी काढलेला त्याचा फोटो दर्शनी काचेत लावला होता. परत आल्यावर तो पहिलं काही बोलला असेल तर ‘तो फोटो काढा’ म्हणून. बाबा म्हणाले, त्या फोटोवर दुकान चालतं. झालं, तिथून तोंडाला कुलूप. वहिनी माहेरी गेली ती गेलीच. बिचारी भिंतीशी किती दिवस संसार करणार? मला त्याला पत्र लिहायचं सुचतच नाही, म्हणून तुझ्याच पत्रात त्याला माझा नमस्कार.

फोटोची वाट बघत,
ताई

ता. २ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र लिहायला हात धजत नव्हता. बांबू भरती होऊन सोमवारच्या गाडीनं गेला. हसत गेला. आदल्या दिवशी त्याचा फोटो काढला होता, फार सुरेख उभा राहिला होता गं. पण फोटो नाही. आणि तो परत काढायला बांबूही नाही.

गाडी सुटल्यावर मी स्टेशनवरून आलो तर डार्करूमचं दार सताड उघडं. भर उन्हात दादा स्टुलावर बसलेला, मांडीवर आदल्या दिवशीच्या सगळ्या फिल्म उलगडून पसरलेल्या. न धुतलेल्या. बांबूची, आणखी कितीतरी पोरांची. चुकून झालं असेल म्हणशील, तर नाही. मी त्याची कॉलर धरली. अरे, हे काय केलंस, म्हणून ओरडलो. इतक्या वर्षांत त्यानं मला सरळ उत्तर दिलं नव्हतं, ते त्या दिवशी दिलं. म्हणाला, “ह्या कोटातला पोरगा परत माझ्याकडेच येतो, भिंतीच्या मापाचा होऊन. बांबू नाही येणार.”

वेड लागलंय त्याला, दुसरं काय? गिऱ्हाइकांना मी काय तोंड दाखवू? रागाच्या भरात त्याला चालता हो म्हटलं. ब्रशांची पेटी काखेत मारली आणि खरंच चालता झाला. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

तू मला बोल लावू नकोस, मी आधीच अर्धा झालोय.

धाकटा

ता. ९ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. आ. वि. वि.

त्याला घालवलंस ते फार बरं केलंस. मागल्या पत्रातला माझा नमस्कार पोचवला असशील तर परत मागून घे. स्वतःचं आयुष्य अंधारात घातलं ते घातलं, आता माझ्या लेकाचा फोटो उन्हात घातला! काय वाकडं केलं होतं पोरानं त्याचं? उलट बांबू छावणीतून लिहितो, मोठ्या मामाला रागावू नकोस, त्याला झोप लागत नाही. सरकारी कोट अंगाला नीट बसलाय, बाह्यासुद्धा पुरतात. पहिल्या रजेवर आला की तुझ्याकडेच येऊन फोटो काढणार आहे.

मी बाहेरच्या खोलीत खिळा मारून ठेवलाय. पुन्हा त्या माणसाचं नाव माझ्यापुढे काढू नकोस.

ताई

ता. २३ सप्टेंबर

धाकट्या,

बांबू गेला. गुरुवारी दोघं जण येऊन सांगून गेले. मी मशीनवर होते, शेजारणीच्या झग्याची शिवण अर्धी होती. ती पुरी केली आणि मग उठले. का, ते मला विचारू नकोस. त्याला तिकडेच पुरलंय. आणणार नाहीत.

जिल्ह्याच्या सभागृहात गेलेल्यांचे फोटो लावणार आहेत. गणवेशातलाच हवा म्हणतात. माझ्याकडे काय आहे? शाळेतला वर्गाचा फोटो. उंच म्हणून शेवटच्या रांगेत, आणि काढणाऱ्यानं त्याला कपाळावरून कापलाय. रजा काही मिळाली नाही त्याला. घरभर शोधलं, कपाटांचे तळ काढले. माझा बांबू दिसायला कसा होता, हे दाखवायला माझ्याकडे काही नाही. सगळ्यांची पोरं भिंतीवर असतील आणि माझ्या पोराच्या जागी नुसतं नाव.

दादाला सांग, सरकारनं माझं पोर एकदा नेलं, त्यानं त्याच्या आधीच नेलं होतं.

ताई

ता. ४ ऑक्टोबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

काय लिहू? तुझी भावजय त्या वरच्या फडताळाकडे बघते आणि रडायला लागते.

मी दादाला शोधून काढला. औषधाच्या एका दुकानाच्या मागे बाटल्या धुतो, तिथंच खोपटात राहतो. सांगितलं तेव्हा उभा होता, हात ओले होते. ते त्यानं पुसलेच नाहीत, नुसता निथळत उभा राहिला. तुझा निरोपही मी शब्दाशब्दानं सांगितला. मला राग होता, ताई. ऐकून घेतला आणि ब्रशांच्या पेटीच्या तळातून एक फोटो काढून दिला. बांबूचा! आमच्या मागच्या मोरीपाशी बनियनवर उभा आहे, हनुवटीला दाढीचा साबण, आणि तोंडभर हसतोय. बाबांच्या जुन्या कॅमेऱ्यानं दादानंच काढलेला. मला पत्ताच नव्हता.

पण बनियनवरचा फोटो सभागृहात कोण लावणार? म्हटलं, वरून कोट रंगवून दे, तुझ्याशिवाय कुणाला जमणार नाही. त्यानं एवढंच विचारलं, “छोटीनं मागितलाय?” तुला अजून छोटीच म्हणतो तो. मी हो म्हटलं. त्याला बघून काढता यावा म्हणून खरा कोट नेला, तर म्हणाला, “ने तो. त्याची बटणं मला पाठ आहेत.” मग परत आणला. इथंही लागतोच.

तुझा,
धाकटा

ता. २० ऑक्टोबर

चि. छोटीस,
अ. आ.

फोटो पाठवतो आहे. कोट चढवलाय. बाह्या पुऱ्या लांब काढल्या आहेत, मनगटं झाकली आहेत. साबण पुसलाय. हसू ठेवलंय. तिथं ब्रश घातला तर बांबू राहत नाही.

रंग पाण्याचा आहे, तेलाचा नाही. वरून रोगण दिलेलं नाही. धाकट्याला वाटतं दिलंय. ओल येणाऱ्या भिंतीवर लावू देऊ नकोस. पुढे कधी तो कोट नकोसा झाला तर ओला कापूस घे आणि हलक्या हातानं पूस. खाली बनियन तशीच्या तशी आहे. गळ्याशी थोडा डाग राहील, त्याला इलाज नाही.

पोरगा मला विचारायचा, तिकडे कसं असतं. मी सगळं सांगितलं. तरी गेला. मग फिल्मचं ते केलं. त्यानं काय थांबणार होतं, हे मला कळत होतं.

उत्तर पाठवलं पाहिजे असं नाही.

दादा

ता. १५ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तू लढाईवरून आल्यापासून हे माझं तुला पहिलं पत्र. आधीच सांगते, मी तुला माफ केलेलं नाही. तू फिल्म उन्हात घातलीस, तो गेलाच. फक्त बिनफोटोचा गेला. ते माझ्या मनातून जाणार नाही आणि जावं असा माझा प्रयत्नही नाही.

परवा सभागृहाचं उद्घाटन झालं. भाषणं झाली. आमच्या बांबूला बघून साहेब म्हणाले, जरा जास्तच हसरा आहे. मला पहिल्या रांगेत खुर्ची दिली होती, शेजारीण मागच्या रांगेत. तिची दोन्ही पोरं परत आलीत. आता मी जिना कशी उतरते ते तिनं बघावं.

सगळे उठल्यावर मी भिंतीजवळ गेले. एकेक फोटो बघत गेले. दादा, त्या भिंतीवर किती पोरं तुझ्या कोटात आहेत, तुला ठाऊक आहे? तुला ठाऊक असणारच, तूच मोठे करून दिलेस. मला मात्र बटणावरून कळलं. दुसरं बटण, तिरकं. ह्याच्या छातीवर, त्याच्या छातीवर, ओळीनं. माझ्या हातचं. आणि बांबूच्या कोटावर तू तेही तिरकंच काढलंस. त्याचा सरकारी कोट तर दुसराच होता रे, अंगाला बसणारा.

काच पुसून आणते म्हणून फोटो उतरवला आणि घरी घेऊन आले. सभागृहातले लोक मागायला आले होते, दार उघडलं नाही. वाटीत पाणी घेतलं, कापूस घेतला. कोट लगेच निघाला. वाटीतलं पाणी गढूळ झालं, ते मोरीत ओतलं. बनियन मळकी आहे आणि खांद्यावर उसवलेली आहे. माझ्या पोरानं मामाच्या घरी अशी बनियन घालून फिरावं! गळ्याशी डाग राहिला, तू म्हणालास तसा. खिळ्याला लावलाय. दिवसभर माझ्याकडे बघून हसतो, आणि मला ते सोसत नाही, आणि काढवतही नाही.

धाकट्याला लिहिलं, तो कोट मला पाठवून दे. त्याचं उत्तर आलं, पुढच्या आठवड्यात मोठी भरती आहे, तेवढी होऊ दे, मग बघू. तेव्हा मीच येते. शुक्रवारच्या गाडीनं, शिवणाची कात्री घेऊन. आधी माझं बटण काढीन, मग बाकीचा कोट. धाकटा आडवा आला तर त्याला काय बोलायचं ते वाटेत ठरवीन.

तू काही करायचं नाहीस. स्टुडिओच्या आत यायचीही गरज नाही. फक्त मी आत असेपर्यंत दारात उभा राहा.

तुझ्यावर अजून रागावलेली,
छोटी